वाचकांचे प्रश्न : इंजिनाचा दिवा लागला, म्हणजे सेन्सर गेला का?

१ एप्रिल २०२० पासून धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन त्याच्या जागी सेन्सरच्या आधारे पेट्रोल देणारे फ्युएल इंजेक्शन आले. त्या पहिल्या गाड्यांची वॉरंटी आता संपू लागली असून त्या कंपनीच्या वर्कशॉपमधून गल्लीतल्या मेकॅनिककडे येत आहेत, आणि त्यांच्याबरोबर या सदराकडे येणारी पत्रेही बदलली आहेत. पूर्वी कार्ब्युरेटरमधील जेट आणि फ्लोटविषयी विचारले जाई. आता स्कॅनरवरचा (दोष वाचणाऱ्या उपकरणावरचा) कोड, मीटरवरचा पिवळा दिवा आणि नव्या सेन्सरची किंमत यांविषयी विचारले जाते. अशीच काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या १६० सीसीच्या मोटारसायकलचा इंजिनाचा दिवा पावसाळ्यात लागला. स्कॅनरवर पी ०१०८, पी ०१२३ आणि पी ०११३ असे तीन कोड एकाच वेळी आले. थ्रॉटल बॉडीवरचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचे) सेन्सरचे पूर्ण युनिट गेले असे सांगण्यात आले, म्हणून मी नवीन युनिट बसवले. दोन दिवस गाडी नीट चालली आणि पुन्हा तेच तीन कोड आले. आता ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदलावा लागेल असे म्हणतात. काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ईसीयूला हात लावू नका. आपण तीन कोड लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण दोष कुठे शोधायचा हे त्या तिघांच्या एकत्र येण्यातच दडलेले आहे.

पी ०१०८ हा मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील, दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा, पी ०१२३ हा थ्रॉटल किती उघडा आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा आणि पी ०११३ हा आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड आहे. अनेक एक-सिलिंडर गाड्यांत हे तिन्ही सेन्सर एकाच डबीत असतात आणि त्या डबीला पाच वायरी जातात : पाच व्होल्टचा पुरवठा, एक सामाईक अर्थिंग आणि तीन सेन्सरच्या तीन सिग्नल वायरी. आता लक्षात घ्या की हे तिन्ही कोड ‘सिग्नल अपेक्षेपेक्षा जास्त’ असेच सांगत आहेत. ‘सेन्सर खराब’ असे त्यांतला एकही म्हणत नाही. ईसीयूला सेन्सर दिसतच नाही. त्याला दिसतो तो फक्त आपल्या पिनेवर आलेला व्होल्टेज, आणि तो व्होल्टेज सेन्सर, वायर, कप्लर (वायरींचा जोड), पुरवठा व अर्थिंग या सगळ्यांचा मिळून तयार झालेला असतो.

सामाईक अर्थिंग तुटले, तर थ्रॉटलच्या सेन्सरचा सिग्नल पाच व्होल्टकडे ओढला जातो, कारण त्याला खाली ओढणारा मार्गच उरत नाही. मॅप सेन्सरचेही बहुधा तसेच होते. आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरला ईसीयूच्या आतूनच पाच व्होल्ट मिळत असल्याने तोही वरच्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे तिन्ही कोड ‘जास्त’चे येतात, आणि आपल्याकडे नेमके तेच आले आहे. उलट पाच व्होल्टची पुरवठ्याची वायर तुटली असती, तर दाब आणि थ्रॉटल यांचे ‘कमी’चे कोड, म्हणजे पी ०१०७ आणि पी ०१२२, आले असते आणि तापमानाचा सेन्सर मात्र शांत राहिला असता. तीन सेन्सर एकाच दिवशी एकाच प्रकारे बिघडण्यापेक्षा तिघांची एक वायर बिघडणे कितीतरी अधिक संभवनीय आहे. नवीन युनिट बसवल्यावर दोन दिवस गाडी नीट चालली, याचे कारण मला असे वाटते की कप्लर काढून पुन्हा बसवताना गंजलेल्या पिना थोड्या घासल्या गेल्या आणि तात्पुरता संपर्क झाला.

याची खात्री घरी करता येते. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी बॅटरी पाहावी : गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, कारण बॅटरी किंवा तिचे चार्जिंग सांभाळणारे आरआर युनिट कमकुवत असेल तर पुढची सगळी मापे फसवी ठरतात. नंतर कप्लर जोडलेला ठेवूनच, त्याच्या मागच्या बाजूने वायरीलगत बारीक टाचणी आत सरकवावी. चावी चालू करून मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार अर्थिंगच्या पिनेला लावावी. येथे शून्याच्या अगदी जवळ, फार तर ०.१ व्होल्ट दिसायला हवा. त्याऐवजी एक, दोन किंवा चार व्होल्ट दिसले, तर दोष सापडला असे समजावे. मीटर तसाच ठेवून वायरीचा जुडगा हळूहळू हलवत हँडलच्या मानेपर्यंत जावे. जिथे हात लावताच आकडा उड्या मारू लागेल, तिथेच वायर आतून तुटलेली किंवा गंजलेली असते. टाकीच्या खाली जुडगा दाबला जातो ती जागा आणि हँडल वळताना तो वाकतो ती जागा या दोन्ही आवर्जून पाहाव्यात.

कप्लर काढून, रिकाम्या पिनांवर मीटर लावून पाच व्होल्ट दिसले म्हणून वायर ठीक आहे असे मानू नये. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे एकाच तंतूवर तगलेली, हिरवी पडलेली वायरही त्याला पूर्ण पाच व्होल्ट दाखवते आणि सेन्सर जोडताच कोसळते. म्हणूनच माप जोडलेल्या स्थितीत घ्यायचे.

आणखी एक विनंती. वायर तपासण्यासाठी तिच्या आवरणातून सुई टोचण्याची पद्धत सर्रास दिसते. कोकणातल्या हवेत त्या छिद्रातून पाणी आत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांब्याचा हिरवा भुगा होतो. आपल्या गाडीचे प्रेशरने वॉशिंग होत असेल, तर फवारा थ्रॉटल बॉडी आणि सीटखालच्या कप्लरांवर मारू नये असे बजावून सांगा. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून, वाळवून, कप्लरच्या रबरी सीलला विजेच्या जोडांसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. वायर तुटली असेल तर नुसती पीळ देऊन टेप गुंडाळू नये. सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

प्रश्न : इंजिनाच्या तापमानाचा पी ०११८ हा कोड येतो. सेन्सर दोन वायरींचा आहे. तो मागवण्याआधी खात्री करण्याचा काही मार्ग आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आहे, आणि दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी तो सर्वांत सोपा आहे. या सेन्सरचा रोध थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी होतो. पुष्कळ गाड्यांत तो २० अंशांना दोन-अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. पी ०११८ म्हणजे ईसीयूला वायर तुटल्यासारखी, म्हणजे अतिशय थंड इंजिन दिसत आहे. चावी बंद करून सेन्सरचा कप्लर काढा, गाडीकडच्या अर्ध्या भागातील दोन पिना वायरीच्या लहान तुकड्याने एकमेकींना जोडा, कोड पुसा आणि चावी चालू करा. कोड आता पी ०११७ झाला, तर ईसीयूने बदल ओळखला, म्हणजे ईसीयू आणि दोन्ही वायरी धड आहेत आणि सेन्सर बदलण्यास हरकत नाही. पी ०११८ तसाच राहिला, तर नवीन सेन्सर बसवूनही काही होणार नाही, वायर शोधा. ही युक्ती तीन वायरींच्या सेन्सरवर करू नये, तेथे पाच व्होल्टचा पुरवठा अर्थिंगला भिडण्याचा धोका असतो.

कोड आल्यावर स्कॅनरवर दिसणाऱ्या तापमानावर विसंबू नये. सिग्नल अविश्वसनीय ठरला की अनेक ईसीयू स्वतःच्या मनाने एक ठरावीक तापमान धरून गाडी चालवतात आणि पडद्यावर तोच आकडा येऊ शकतो.

प्रश्न : मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की माझी गाडी तासाभराच्या प्रवासानंतर अचानक बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. इंजिनाचा दिवा लागत नाही आणि स्कॅनरवर एकही कोड नाही. प्लग, प्लगची कॅप आणि पेट्रोल फिल्टर बदलून झाले. (एक वाचक, अकोला)

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरते आहे हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरकडे, बोट दाखवतात. मेकॅनिक त्याला पल्सर कॉइल किंवा पिकअप कॉइल म्हणतात. मॅग्नेट कव्हरच्या आत, मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) बाहेरच्या दातांसमोर तो बसवलेला असतो आणि इंजिनाच्या उष्णतेतच त्याचे आयुष्य जाते. आतील बारीक तांब्याची तार कुठेतरी तडकलेली असेल, तर गरम झाल्यावर ती फाकते आणि थंड झाल्यावर पुन्हा भिडते. सिग्नल गेला की ईसीयूला इंजिन फिरतच नाही असे वाटते, आणि न फिरणाऱ्या इंजिनाला तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. कोड का आला नाही, याचेही उत्तर यातच आहे : इंजिन बंद आहे असे ज्याला वाटते, त्याला तक्रार करण्याचे कारण दिसत नाही.

परंतु हीच लक्षणे तापलेला पेट्रोल पंप, गरम होऊन दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा टाकीच्या झाकणातील बंद झालेले हवेचे छिद्र यांच्यामुळेही दिसू शकतात, म्हणून गाडी ज्या क्षणी बंद पडते तोच क्षण तपासणीचा मानावा. थंड गाडी गॅरेजमध्ये नेऊन काहीही हाती लागणार नाही. बंद पडताच टाकीचे झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. चावी चालू केल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घूं असा आवाज येतो की नाही, ते ऐका. मग सेल्फ मारताना मीटरवरच्या आरपीएमकडे, किंवा स्कॅनर असेल तर त्याच्या आरपीएमच्या आकड्याकडे, लक्ष द्या. इंजिन फिरत असताना स्कॅनर दोन-तीनशेच्या आसपास आकडा दाखवत असेल, तर क्रँक सेन्सर काम करत आहे आणि शोध दुसरीकडे न्यावा. सेल्फने इंजिन फिरते आहे आणि स्कॅनरवर मात्र शून्य आहे, तर दोष क्रँक सेन्सरचाच हे जवळजवळ ठरले.

शेवटची खातरजमा रोध मोजून करावी. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पुष्कळ गाड्यांत तो शंभर ते काही शे ओहम एवढा असतो. सकाळी थंड इंजिनावर एकदा आणि गाडी बंद पडताच लगेच एकदा, असे दोनदा माप घ्या. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो, त्यामुळे ३० अंशांना २०० ओहम असलेली कॉइल ९० अंशांना सुमारे २४७ ओहम दाखवेल, आणि ते अगदी योग्य आहे. ही वाढ पाहून धडधाकट सेन्सर बाद ठरवल्याचे अनेकदा दिसते. गरम असताना मीटरने काहीच न दाखवणे, किंवा आकडा स्थिर न राहता उड्या मारणे, हा खरा दोष होय. मात्र काही गाड्यांत कॉइलऐवजी तीन वायरींचा हॉल सेन्सर असतो. त्याचा रोध मोजू नये.

मॅग्नेट कॉइल भरून (नवी तार गुंडाळून) घेतल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर पत्रात ते कळवायला हवे होते, कारण ते काम करताना पिकअप आणि मॅग्नेट यांच्यातील फट बदलते, पिकअपच्या लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलेला राहतो आणि कधी त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या जातात. कव्हर उघडलेच, तर पिकअपचे टोक स्वच्छ पुसून घ्या आणि त्याची वायर मॅग्नेटला घासत नाही ना, तेही पाहा.

प्रश्न : मेकॅनिकने स्कॅनर लावून सांगितले की इंजिन बंद आणि चावी चालू असताना मॅप सेन्सर १०१ दाखवायला हवा, पण तो ९५ दाखवतो, म्हणून तो कमजोर झाला आहे. गाडीत तक्रार काहीच नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला सेन्सर उत्तम आहे. इंजिन बंद असताना तो त्या ठिकाणचा हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे ९५ हाच योग्य आकडा आहे. हीच गाडी रत्नागिरीला नेली तर १०१ आणि महाबळेश्वरला नेली तर ८६ च्या जवळपास दिसेल. पुण्यात १०१ दिसला असता, तर मात्र मी सेन्सरवर संशय घेतला असता.

प्रश्न : रेस कमी होऊन गाडी सिग्नलला बंद पडत होती, म्हणून थ्रॉटल बॉडी साफ करून तिच्या बाजूचा स्क्रू थोडा आवळून घेतला. आता रेस चढलेली राहते आणि ४५-५० च्या वेगाने एकसारखे जाताना गाडी झटके देते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे दोन वेगळे दोष असावेत. तो स्क्रू कार्ब्युरेटरच्या रेस-स्क्रूसारखा दिसतो, पण त्याचे काम वेगळे आहे. थ्रॉटल पूर्ण मिटल्यावर झडप कुठे थांबावी हे तो ठरवतो आणि कारखान्यात एकदा बसवून त्यावर बहुधा रंग किंवा लाख लावलेली असते. तो आवळल्याने झडप किंचित उघडी राहते, थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज वाढतो आणि हात सोडला तरी चालकाने थ्रॉटल थोडा धरला आहे असे ईसीयू समजतो. स्क्रू रंगाच्या जुन्या खुणेवर परत आणावा. मिटलेल्या थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या वर व्होल्टेज मिळतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. त्यानंतर आपल्या मॉडेलच्या पद्धतीने रेसची नव्याने नोंद करून घ्यावी. मूळ तक्रार मात्र बहुधा काजळी धरलेल्या हवेच्या मार्गाची किंवा रेस सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हची होती.

झटक्यांसाठी सेन्सरची आतील पट्टी तपासा. सेन्सर घासत चालणारा असेल, तर त्याची पट्टी रोजच्या वेगाला हात जिथे स्थिरावतो तिथेच आधी झिजते, म्हणून झटके नेमके एका वेगाला येतात आणि थोडा जास्त थ्रॉटल दिला की नाहीसे होतात. चावी चालू, इंजिन बंद, आणि थ्रॉटल अतिशय सावकाश फिरवत व्होल्टेज पाहा. मध्येच आकडा खाली कोसळून पुन्हा वर आला, तर सेन्सर बदलावाच लागेल. या कामाला जुना काट्याचा मीटर अधिक चांगला, कारण डिजिटल मीटर अशी क्षणिक घसरण गिळून टाकतो आणि काटा ती दाखवतो.

प्रश्न : बाहेरचा सायलेन्सर बसवल्यापासून पी ०१३१ हा कोड येतो आणि ॲव्हरेज बरेच उतरले आहे. ऑक्सिजन सेन्सर बदलू की काढूनच टाकू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही करू नका. हा सेन्सर तापून सुमारे ३०० अंशांच्या वर गेला की ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होतो. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर खाली, कमी असेल तर वर. पी ०१३१ म्हणजे तो खालीच अडकला आहे. सायलेन्सर बदलताना जुनी गॅस्केट तशीच वापरली असेल किंवा जोड नीट बसला नसेल, तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी पाइपमध्ये बाहेरची हवा ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन प्रामाणिकपणे सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि आपले ॲव्हरेज उतरते. प्लग काढून पाहिलात तर तो काळा मिळेल. जोडाभोवती काजळीची खूण आहे का पाहा, नवीन गॅस्केट घाला आणि नट सारखे आवळा. जोडाला साधे सिलिकॉन चोपडू नका, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा निकामी होतो. सेन्सरची वायर नव्या पाइपला टेकून वितळली आहे का, तेही पाहा. ती पाइपला भिडली तरी हाच कोड येतो. सेन्सरच्या सिग्नल पिनेवर ओहमचे माप घेऊ नये.

काही वाचकांनी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हा कोड येतो का, असेही विचारले आहे. निव्वळ पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि या मिश्रणाला सुमारे १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. त्याची भरपाई ईसीयू याच सेन्सरच्या आधारे करतो, त्यामुळे सेन्सर काढून टाकणाऱ्याची गाडी अशा पेट्रोलवर अधिक त्रास देईल.

प्रश्न : चिखलात घसरून गाडी आडवी पडली. उभी केल्यावर सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. (एक वाचक, महाड)

उत्तर : गाडी आडवी पडली की कलण्याचा सेन्सर पेट्रोल आणि ठिणगी बंद करतो. गाडी सरळ उभी करून चावी बंद करा, काही सेकंद थांबा आणि पुन्हा चालू करा. तरीही सुरू न झाल्यास हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच पडताना दाबला गेला आहे का आणि साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरला आहे का, ते पाहा.

प्रश्न : आमच्या गावात स्कॅनर नाही. कमी खर्चात काय घ्यावे? बॅटरी काढून ठेवली की दिवा जातो, ते पुरेसे नाही का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : पहिला खर्च चांगल्या मल्टिमीटरवर आणि आपल्या मॉडेलच्या वायरिंगच्या आकृतीवर करावा. कोड वाचण्यासाठी मोबाइलला जोडले जाणारे स्वस्त उपकरण घेता येईल, पण ते घेण्याआधी सीटखालचा तपासणीचा कप्लर पाहा. अनेक नव्या गाड्यांत तो सहा पिनांचा, बहुधा लाल रंगाचा असतो आणि मोटारगाडीच्या सोळा पिनांच्या उपकरणासाठी वेगळी जोडवायर घ्यावी लागते. शिवाय आपल्या गाडीची संदेशाची पद्धत त्या उपकरणाला वाचता येते का, हेही विचारून घ्या. होंडाच्या अनेक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत दिवाच कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक : सात छोट्या म्हणजे इंजिनाचे तापमान, आठ म्हणजे थ्रॉटल, नऊ म्हणजे हवेचे तापमान, आणि दोन लांब व एक छोटी, म्हणजे २१, हा ऑक्सिजन सेन्सर. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून हे दुसऱ्या गाडीला लावू नयेत.

बॅटरी काढून दिवा घालवण्याची सवय मात्र सोडून द्या. काही गाड्यांत त्याने कोड जातच नाही, आणि ज्यांत जातो तिथे दोष कोणत्या स्थितीत आला याची नोंदही पुसली जाते. कोड आधी वहीत उतरवा. त्या वेळी इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता की ऊन आणि वेग किती होता, हे त्याच्या शेजारी लिहा, आणि मगच तो पुसा. पुसल्यानंतर चावी चालू करताच कोड परत आला, तर दोष आत्ता, या क्षणी हजर आहे आणि मीटरने सापडेल. वीस किलोमीटरनंतर आला, तर तो उष्णतेत, हादऱ्यात किंवा ओलाव्यात शोधायचा आहे, आणि मेकॅनिककडे जाताना ती वही बरोबर न्यायची आहे.